देणाऱ्याचें आरोग्य

मूत्रपिंडदानाचा इतिहास सांगतांना ज्याचे प्राण वांचले त्याचेंच नांव पुढें येतें; ज्यानें आपल्या शरीराचा अंश दिला तो मागें राहतो. वास्तविक त्याच्या सुरक्षिततेचा विचार हाच या इतिहासाचा कणा होय, असें आम्हांस वाटतें.

एका मूत्रपिंडावर मनुष्य जगूं शकेल काय, हा पहिला प्रश्न होता. १८६९ सालीं हायडेलबर्ग येथें गुस्टाव्ह सिमॉन यांनीं प्रथम कुत्र्यांवर प्रयोग करून मग एका स्त्रीचें एक मूत्रपिंड काढलें, आणि ती बरी झाली. पुढें २३ डिसेंबर १९५४ रोजीं बॉस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं रोनाल्ड हेरिक याचें मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड यास बसविलें. तत्पूर्वीं रोनाल्डानें विचारलें होतें कीं, यापुढें जन्मभर माझ्या आरोग्याची जबाबदारी रुग्णालय घेईल काय? संस्थेस तसें वचन देतां आलें नाहीं. सुदैवानें रोनाल्ड निरोगी होता व २०१० पर्यंत जगला.

परंतु दाताच रक्तदाबानें किंवा मधुमेहानें ग्रस्त असेल तर? २००४ सालीं ॲम्स्टरडॅम येथें भरलेल्या वैद्यपरिषदेनें मधुमेही दाते वर्ज्य ठरविले व १४०/९० हून अधिक रक्तदाब सामान्यतः अग्राह्य मानला. ही भीति निराधार नव्हती. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेंतील ८०,३४७ दात्यांच्या पाहणींत शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत दर दहा हजारीं सुमारें ३ मृत्यू आढळले. रक्तदाबाचा विकार असलेल्यांत मात्र तेंच प्रमाण सुमारें ३७ होतें.

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनीं या विचारास निराळें वळण दिलें. एकाच अंकावर निकाल न देतां वय, रक्तदाब, साखर व मूत्रपिंडाची कार्यशक्ति यांवरून जन्मभराचा धोका मोजावा, असें त्यांचें सांगणें. म्हणूनच एकदोन औषधांनीं आटोक्यांत राहिलेला व इतर इंद्रियांस अपाय न केलेला रक्तदाब असणारा वयस्क दाता चालूं शकतो. उलट, विशींतील तरुणाची साखर किंचित् वाढलेली असली तरी पुढील पन्नास वर्षें ध्यानांत घेऊन वैद्य कचरतात.

भारतांत १९९४ च्या कायद्यानें निकटच्या आप्तांस दानाची मोकळीक दिली. आणि येथें जिवंत दात्यांत स्त्रियाच अधिक आहेत. पतीसाठीं वा मुलासाठीं पुढें येणारी स्त्री स्वतःचें दुखणें सांगण्यास सहसा उत्सुक नसते, व घरचेहि तें विचारावयास धजत नाहींत. अशा वेळीं वैद्याचा नकार हा मायेचा अव्हेर नव्हे. आणि होकार मिळाला तरी प्रतिवर्षीं तिचा रक्तदाब व मूत्रपिंडाचें कार्य तपासून घेणें, हें ज्या घरास तिनें जीवदान दिलें त्या घराचें कर्तव्य होय.