मुंबई ते लंडन : अंतराचा आणि वेळेचा हिशेब



मुंबईहून लंडन किती दूर, असे विचारले तर आज उत्तर तासांत मिळते. 'नऊ-दहा तास', असे लोक सांगतात. सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, हे कोणी सांगत नाही. अंतर कालही तेवढेच होते. बदलली ती वेळ. ही वेळ कोणाच्या श्रमाने वाचली, हा प्रश्न शाळेपेक्षा गोदीवर अधिक शिकलेल्या माझ्यासारख्याला पडतो.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेच्या वळशाचे चार हजारांहून अधिक सागरी मैल वाचले. तरी आगबोटीला दोन-तीन आठवडे लागतच. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात, बोटीच्या पोटात, भट्टीत कोळसा लोटणारे आगवाले पुष्कळदा हिंदुस्थानचेच असत. १९२९ साली विमानी टपालाने लंडन आणि कराची सात दिवसांच्या अंतरावर आणली. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीची टपाल जुहूला उतरवली.

पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. मार्ग सुमारे ५,००० मैलांचा, वेग ताशी सुमारे ३०० मैल; म्हणजे नुसत्या उडण्याला सतरा तास. त्यात थांबे मिळवले की एक अहोरात्र होते. तीन आठवड्यांचा एक दिवस झाला! पहिल्या प्रवाशांत नवानगरचे जामसाहेबही होते.

परंतु विमान केवळ राजेमहाराजांचे राहिले नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान जिनिव्हाकडे उतरत असता आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर आदळले. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी, एकही वाचला नाही. प्रवासी बहुतेक हिंदी खलाशी होते. बोटीवर कामाला रुजू होण्यासाठी ते इंग्लंडला चालले होते. शोधाला निघालेल्या रने पायो या वाटाड्यानेही बर्फात प्राण गमावले. समुद्रावर राबणारा माणूस कामावर वेळेत पोहोचावा म्हणून आकाशातून निघाला, आणि डोंगरावर संपला. पहिल्या उड्डाणाची आठवण आपण ठेवतो. या चाळीस जणांची कितीजण ठेवतात?

१९६० साली एअर इंडियाकडे जेट विमाने आली आणि वेळ आणखी घटली. पुढे वाटेतले थांबेही गेले. पण यंत्र दहा तास न थांबता चालते म्हणून माणूस तेवढाच जागा राहू शकतो, असे नाही. म्हणूनच वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे तास नियमाने बांधावे लागले आहेत. मित्रहो, वेग वाढवा, जरूर वाढवा. मात्र वाचलेल्या वेळेतून राबणाऱ्याच्या झोपेचे तास वजा होत नाहीत ना, तेवढे तपासून पाहा.