पैनगंगेवरचे ३९९ दिवस

वाशिमहून हिंगोलीला जाताना पैनगंगा कधी मागं पडली, हे बसमध्ये कुणाच्या ध्यानातही येत नाही. उन्हाळ्यात पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त. हद्दीलगत कनेरगाव नाका नावाचं गाव लागतं. इथं विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो, पण दोन्हीकडं तेच सोयाबीन, तीच तूर, त्याच आडनावांचे सोयरे.

१५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या ३९९ दिवसांत मात्र ही साधी नदी नव्हती. अलीकडं वऱ्हाड म्हणजे स्वतंत्र भारत. पलीकडं हिंगोली, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातला तालुका, म्हणजे निजामाचं हैदराबाद. निजामानं जून १९४७ मध्येच जाहीर केलं होतं की आपण ना भारतात जाणार, ना पाकिस्तानात. १ कोटी ६० लाखांवर लोकसंख्या, स्वतःचं सैन्य, स्वतःचं टपाल, स्वतःची जकात. पैसाही वेगळा: तिकडं हाली, इकडं कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही पलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणतात.

आज आपण ‘असायलम’ हा शब्द बातम्यांत ऐकतो. सीरियातून जर्मनीत गेलेले लोक, इंग्लिश खाडीतल्या रबरी होड्या, अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरच्या रांगा. दुसऱ्या देशात जाऊन ‘माझ्या देशात माझ्या जिवाला धोका आहे, मला आश्रय द्या’ असं म्हणणं. हे सगळं फार दूरचं वाटतं. पण ते आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर घडून गेलंय.

त्याआधी एक गंमत सांगायला हवी. वऱ्हाड स्वतःच कागदोपत्री निजामाचं होतं. १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामानं ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं. याच फौजेची एक छावणी हिंगोलीला होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. १९३६ मध्ये तर निजामाला ‘हैदराबाद आणि बेरारचा निजाम’ असा किताब मिळाला आणि त्याचा मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. म्हणजे मोगलाईतून पळून वाशिमला आलेला माणूस, जुन्या कागदांनुसार, निजामाच्याच एका मुलखातून दुसऱ्या मुलखात आला होता. तरी नदी ओलांडली की त्याला सुरक्षित वाटायचं. नकाशा काय म्हणतो यापेक्षा पलीकडं कुणाचे शिपाई आहेत, हे महत्त्वाचं होतं.

वऱ्हाड-नागपूरकडं आसऱ्याला येणं १९४७ च्याही आधीचं. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठानं विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना दारं उघडली. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक मुलगा होता. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली, ती १९४६ मध्ये उठली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश झेंडे फडकवत असताना स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. कासिम रझवी या लातूरच्या वकिलानं रझाकारांची संघटना वाढवली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, पण गावागावांत काहीच जैसे थे राहिलं नव्हतं. रझाकार गावं लुटत, जाळत. सरहद्दीवर भारताच्या बाजूनं स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडचा कॅम्प त्यांत नावाजलेला. लढणारे तिथं जमत, आणि ज्यांना नुसतं जगायचं होतं तेही नदी ओलांडत.

माझ्या आजीचं माहेर हिंगोलीकडचं. १९४८ च्या उन्हाळ्यात ती सात-आठ वर्षांची होती. रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या, गाडीच्या आसाला तेल घातलं आणि घर रिसोडच्या बाजूला निघालं. नदीत गुडघाभर पाणी होतं. मी तिला एकदा विचारलं, ‘म्हणजे तुम्ही निर्वासित होतात?’ तिला तो शब्द आवडला नाही. म्हणाली, ‘आमी काई पयून नाई गेलो. मामाकडं गेलतो.’

हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे फॉर्म: कुठली रकाना सक्तीची, कुठल्या उत्तरावर अर्ज पुढं जाणार नाही. म्हणून कुतूहलानं मी अमेरिकेचा असायलमचा अर्ज उघडून पाहिला. आय-५८९ त्याचं नाव. तुम्हाला कुणी त्रास दिला, कधी, कशासाठी? परत गेलात तर काय होईल? अधिकारी आणखी एक गोष्ट तपासतो: तुमच्याच देशात दुसऱ्या ठिकाणी जाऊन तुम्ही सुरक्षित राहू शकला नसता का? अमेरिकेत पोचल्यापासून साधारणपणे एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

आता हा फॉर्म आजीच्या वडिलांसाठी भरून पाहा. राष्ट्रीयत्व? हैदराबाद म्हणावं तर भारतानं ते कधीच स्वतंत्र देश म्हणून मानलं नाही. भारत म्हणावं तर मग ते परदेशात गेलेच नाहीत, फक्त जिल्हा बदलला. त्रास कुणी दिला? रझाकारांनी, पण ते सरकार होते की खासगी टोळी? पुरावा? आजीच्या गावात घर जळलं नव्हतं, शेजारच्या गावात जळलं होतं. तिचे वडील ‘होणार’ या भीतीनं निघाले. कायद्याच्या भाषेत तिला ‘सबळ कारण असलेली भीती’ म्हणतात. ती सिद्ध करता करता आज लोकांची वर्षं जातात. पैनगंगेवर ती कुणी विचारलीच नाही.

म्हणून तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं नाही. मामाचं गाव हा एक व्हिसाच होता, आणि तो ज्याला सोयरे आहेत, ज्यांच्या गोठ्यात जागा आहे, त्यालाच मिळायचा. भूमिहीनाचा मामाही बहुधा भूमिहीनच. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तान आणि हैदराबादमधल्या अनुसूचित जातींना जाहीर आवाहन केलं: मिळेल त्या मार्गानं भारतात या. ज्यांना नदीपलीकडं कुणी ‘ये’ म्हणणारं नव्हतं, त्यांना कुणीतरी तसं म्हणणं गरजेचं होतं. नात्यावर चालणारा आश्रय मायेचा असतो, पण तो सगळ्यांचा नसतो. फॉर्म कोरडा असतो, पण निदान तत्त्वापुरतं तरी तो ‘तुझा मामा कोण?’ असं विचारत नाही.

आणि नदी एकाच दिशेनं ओलांडली जात नव्हती. फाळणीच्या दंगलींनंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली बरीच मुस्लीम कुटुंबं भीतीपोटी निजामाच्या हद्दीत गेली. त्यांच्यासाठी सुरक्षित किनारा पलीकडचा होता. आजीला मामाच्या गोठ्यातली एक म्हैस आठवते. ती मामाची नव्हती. गावातल्या पिंजाऱ्याची होती. तो बायकामुलांसह मोगलाईत गेला होता आणि जाताना म्हैस सांभाळायला ठेवून गेला होता. म्हणजे त्या एकाच उन्हाळ्यात, एकाच नदीवर, दोन कुटुंबं एकमेकांच्या उलट दिशेनं जीव वाचवायला गेली होती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं. १६ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं पॅरिसमध्ये निजामाची तक्रार चर्चेला घेतली. दुसऱ्या दिवशी निजामानं हार मानली. मराठवाड्यात १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि आजीचं घर त्यानंतरच गावी परतलं. पण मुक्तीनंतरच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. कित्येक दशकं तो अहवाल लोकांसमोर आला नाही. रझाकारांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचणं जड जातं, पण दोन्ही खरं आहे. एकाच्या भीतीचं सबळ कारण मान्य करायचं आणि दुसऱ्याची भीती नाकारायची, हे कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, जिनिव्हात निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळं छळ होण्याची भीती, आणि स्वतःच्या देशाबाहेर असणं, ही त्याची व्याख्या. मुळात तो १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता; १९६७ मध्ये ती अट गेली. भारतानं त्यावर आजवर सही केलेली नाही, आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा सर्वसमावेशक कायदाही नाही. तिबेटी आले, त्यांना वसाहती दिल्या. आपल्या विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंगची वसाहत आहे. पण आश्रय हा हक्क म्हणून नाही, त्या-त्या सरकारची मर्जी म्हणून मिळतो. एका अर्थानं देश म्हणून आपण अजून मामाच्या गावाच्या पद्धतीनंच चालतो. ओळखीचा असेल तर ये.

पैनगंगेवरचे ते ३९९ दिवस कुठल्याही निर्वासित-आकडेवारीत नाहीत. अर्ज नाहीत, शिक्के नाहीत, फेटाळलेली प्रकरणं नाहीत. आहेत त्या फक्त आठवणी, आणि त्या सांगणारी माणसं आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात हद्दीकडचं कुणी असेल तर विचारून घ्या: कोण आलं, कोण गेलं, कुणी ठेवून घेतलं, आणि कुणाला दारातून परत पाठवलं. शेवटचा प्रश्न टाळू नका. आसरा दिल्याच्या गोष्टी घरोघरी निघतात; नाकारल्याची क्वचितच निघते.

पिंजाऱ्याचं पुढं काय झालं, हेही मी आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘आला ना वापस. म्हैस घेऊन गेला त्याची.’ मामानं तोवरच्या चाऱ्याचे पैसे घेतले नाहीत, एवढं तिनं आवर्जून सांगितलं.