निस्सयापूर्वीचे चार-पाच दिवस

वरंध घाटाच्या पायथ्याच्या गावांतून उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली पायरी बहुधा महाड हीच असते. त्यापुढची पायरी मात्र अनिश्चित असते. गेल्या वर्षावासात या परिसरातील उपासक-उपासिकांच्या एका बैठकीस आम्ही उपस्थित होतो. प्रवचनानंतर एका वडिलांनी आपली अडचण मांडली. मुलगी पदवीधर झाली असून तिला पालि व बौद्ध अध्ययन या विषयात पुढे शिकावयाचे आहे. मुंबई, पुणे व बिहारमधील नव नालंदा महाविहार ही तीन नावे तिच्यासमोर आहेत. तिचे म्हणणे असे की, एकदा जाऊन पाहते आणि मग ठरवते. वडिलांना हा खर्च पटत नव्हता. ते म्हणाले, "सर, आपल्या माणसांनी कधी कॉलेज बघून नाव घातलंय का? जिथं घेतलं तिथं गेलो." बैठकीत हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु त्या वाक्याने नंतर आमची पाठ सोडली नाही. त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम विनयाकडे वळू. नवदीक्षित भिक्षूने आचार्याच्या आश्रयाने राहावे, या व्यवस्थेस निस्सय म्हणतात. आजच्या भाषेत यास विद्यालयात नाव घालणे म्हणता येईल. महावग्गाच्या पहिल्या खंधकात या संदर्भातील एक प्रसंग आहे. निर्लज्ज आचरणाच्या भिक्षूंचा निस्सय घेऊ नये, असा नियम भगवंतांनी घालून दिला. तेव्हा भिक्षूंना साहजिकच प्रश्न पडला की, अमुक आचार्य लज्जावान आहे की निर्लज्ज, हे नवख्याने ओळखावे कसे? त्यावर भगवंतांनी अनुज्ञा दिली की, तेथील भिक्षूंचे वर्तन कळेपर्यंत चार-पाच दिवस थांबावे आणि मग निस्सय घ्यावा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याला दिलेला हा अधिकार आहे. आधी राहा, पाहा, मग बांधून घ्या.

हा नियम एकाकी नाही. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात तर खुद्द तथागतांचीच डोळ्यांनी व कानांनी परीक्षा करावी असे सांगितले आहे. सिद्धार्थ गौतमांनीही आळार कालाम व उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांकडे जाऊन, त्यांची विद्या आत्मसात करून, ती अपुरी आहे असे दिसताच पुढची वाट धरली. ज्या धम्माचा संस्थापकच दोन गुरुकुले पाहून बाहेर पडला, त्या धम्माच्या अनुयायांना 'पाहून ठरवणे' ही चैन वाटावी, हे आश्चर्य होय.

पुढील काळात या परीक्षेला दुसरी बाजू आली. विद्यार्थी विद्यालय पाहू लागला, तसे विद्यालयही विद्यार्थी पाहू लागले. इसवी सनाच्या सातव्या शतकात ह्युएन त्संगाने लिहून ठेवले आहे की, नालंदेच्या द्वारपालाच्या प्रश्नांना उत्तरे देता न आल्याने दहांपैकी सात-आठ जण परत जात. हे वाक्य आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. परंतु ह्युएन त्संग स्वतः नालंदेस कसा पोहोचला, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तो चीनहून निघाला आणि थेट नालंदेच्या दारात उभा राहिला, असे घडले नाही. काश्मीरमध्ये तो सुमारे दोन वर्षे राहिला. नंतर चीनपती, जालंधर, स्रुघ्न, मतिपूर आणि कनौज येथील विहारांत कोठे काही महिने, कोठे वर्षभर थांबून त्याने तेथील आचार्यांपाशी एकेक ग्रंथ ऐकला. हे सर्व झाल्यानंतर तो शीलभद्रांच्या पायाशी बसला. नालंदेत त्याने पुढे अनेक वर्षे घालविली. योगाचारभूमिशास्त्राचे श्रवणच सव्वा वर्ष चालले होते, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे.

त्यानंतरचा ईत्सिंग अधिक हिशेबी होता. इसवी सन ६७१ मध्ये निघालेला हा भिक्षू प्रथम सुमात्रातील श्रीविजय येथे सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला आणि मग ताम्रलिप्तीमार्गे नालंदेस गेला. तेथे तो सुमारे दहा वर्षे राहिला. भारतात अध्ययनास जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूने आधी श्रीविजय येथे एक-दोन वर्षे राहून तयारी करावी, असा सल्ला त्याने लिहून ठेवला आहे. घाटमाथ्यावर चढण्यापूर्वी पायथ्याशी मुक्काम करावा, हे वरंधच्या माणसास वेगळे सांगावे लागणार नाही.

या मुक्कामाच्या खुणा आपल्या परिसरातही आहेत. महाडजवळील गांधारपाले लेण्यांतील एका शिलालेखात कुमार कानभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह व आठ खोल्या दान दिल्याचा उल्लेख आहे. महाडहून वरंध घाटाने भोरकडे व पुढे शिरवळकडे जाणारी वाट जुनी असून शिरवळ येथेही लेणी आहेत. आठ खोल्यांचा विहार म्हणजे नालंदा नव्हे. तथापि सावित्रीच्या खाडीतून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या भिक्षूला चार दिवस थांबण्यास, तेथील आचार्यांना ऐकण्यास व पुढचे ठरविण्यास तेवढे स्थान पुरेसे होते, असे आम्हास वाटते.

आधुनिक काळात हा मार्ग नव्याने चालणारा मराठी विद्यार्थी म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने बुद्धाविषयी मराठीत मिळाले ते वाचले आणि बौद्ध धम्म मुळातून शिकावयाचा असे ठरवले. पण कोठे शिकावयाचा? तेव्हा ते सांगणारे त्यांच्या आसपास कोणीही नव्हते. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते निघाले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, काशीस जाऊन संस्कृत शिकले. नेपाळात बौद्ध धम्म जिवंत असेल या आशेने तेथे गेले आणि तेथील धम्माची स्थिती पाहून निराश होऊन परतले. बोधगयेस आल्यावर त्यांना कळले की, अध्ययन करावयाचे तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे. कलकत्ता व मद्रासमार्गे ते १९०२ मध्ये कोलंबोस पोहोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पालि शिकू लागले. तेथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशही पाहिला.

निघाल्यापासून कोलंबोपर्यंत अडीच-तीन वर्षे गेली. आज एका पत्राने किंवा दूरध्वनीने मिळेल ती माहिती मिळविण्यास त्यांना पायपीट करावी लागली, हे खरे. तरी ती वर्षे वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. काशीच्या संस्कृताने पालि सोपी झाली, आणि नेपाळ पाहिल्यामुळेच कोलंबोचे मोल कळले. 'निवेदन' या त्यांच्या आत्मकथनात हा प्रवास सविस्तर आला आहे. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर कोसंबी महाराष्ट्रात राहिले. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबींनी पालि शिकविली. ज्याला शिकण्यास महाराष्ट्रात जागा नव्हती, त्याने इतरांसाठी ती निर्माण केली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. कोसंबी काशीस निष्कांचन अवस्थेत पोहोचले, परंतु ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी तेथे अन्नछत्रे होती. त्याच भारतात, महाडजवळच्या लाडवली येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. त्या मुलाने वृत्तपत्रात पत्र लिहून दाद मागितली. प्रवेश मिळाला, तोही इतरांपासून वेगळे बसण्याच्या अटीवर. पुढे हेच मोरे १९२७ च्या महाड परिषदेच्या संयोजकांपैकी एक झाले. कोसंबींसमोर प्रश्न होता तो 'कोणते विद्यालय योग्य?' हा. मोरे यांच्यासमोरचा प्रश्न 'कोणते विद्यालय मला आत घेईल?' हा होता. वडिलांच्या त्या वाक्याचा उगम येथे आहे. 'जिथं घेतलं तिथं गेलो' हा अडाणीपणा नव्हे, ती आपल्या समाजाची दोन-तीन पिढ्यांची इतिहासकथा आहे. त्या वेळी आम्ही हसलो, याची खंत वाटते ती यामुळे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंदची सुरुवात झाली. पुढे महाड येथेही याच संस्थेचे महाविद्यालय उभे राहिले. घेणारी विद्यालये निर्माण झाली, तेव्हाच निवडीचा प्रश्न आपल्यासाठी प्रथम खऱ्या अर्थाने उत्पन्न झाला. स्वतः बाबासाहेबांनीही कोलंबिया, लंडन, ग्रेज इन अशा संस्थांत अध्ययन केले आणि १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले होते.

मग त्या मुलीने काय पाहावे? विद्यापीठाच्या इमारती पाहण्यास भाडे खर्चण्याची गरज नाही. त्यांची छायाचित्रे घरबसल्या मिळतात. नव नालंदा महाविहार १९५१ मध्ये स्थापन झाले. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नागरी लिपीतील ४१ खंडांचे तिपिटक तेथूनच निघाले. ते खंड ग्रंथालयात विद्यार्थ्याच्या हाती मिळतात की कपाटात बंद असतात, हे जाऊनच कळते. वर्गात पालि वाचून घेतली जाते की केवळ टिपणे उतरवून देतात, वसतिगृहात मुलींची सोय कशी आहे, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर हाती पडतात की नाही, हे तेथे दोन वर्षे काढलेल्या विद्यार्थिनीस विचारावे, कार्यालयास नव्हे. चीवर पाहून भिक्षू ओळखता येत नाही म्हणूनच तर चार-पाच दिवसांची अनुज्ञा होती.

तीनही ठिकाणी एकदम जाण्याची आवश्यकता नाही. ईत्सिंगाचा क्रम येथे उपयोगी पडेल. पुणे घाट चढून गाठता येते, मुंबई एका रात्रीच्या प्रवासाची. नालंदा दीड हजार किलोमीटरांहून दूर. ती शेवटी, आणि पहिल्या दोन ठिकाणी समाधान न झाल्यास.

हे त्या बैठकीत आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितले नव्हते. महावग्गाचा प्रसंग तेवढा सांगितला. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चार-पाच दिवस म्हणजे दोघांचा राहायचा खर्चही आला." त्यावर मागच्या रांगेतील एक वृद्ध उपासिका उठल्या आणि पुण्यातील आपल्या भाच्याच्या घरी दोघांची सोय होईल असे म्हणाल्या. पावसात घाट बहुधा बंद असतो, म्हणून जाण्याचा दिवस वर्षावास संपल्यानंतरचा ठरला.