न पाहिलेली मावशी

आज हप्ता, कर्ज, व्याज यांतलं काही बोलणार नाही. आज बोलूया मैत्रीबद्दल, आणि तीही समोरासमोर न झालेल्या ओळखीतून उभ्या राहणाऱ्या मैत्रीबद्दल.

आमच्या बैठकांमध्ये हल्ली हा विषय वारंवार निघतो. फोन आता बहुतेक घरांत आहे. दुसऱ्या तालुक्यातली, दुसऱ्या जिल्ह्यातली एखादी बाई फोनवरच्या ग्रुपमध्ये भेटते. आधी मसाल्याचं प्रमाण विचारते, मग मुलाची परीक्षा, मग सासूचं दुखणं. वर्षभरात ती रोजच्या बोलण्यातली होऊन जाते. घरातले मात्र हसतात. म्हणतात, जिला कधी पाहिलं नाहीस ती कसली मैत्रीण? काही घरांत यावरून वादही होतात. म्हणून आम्ही ठरवलं की याचं उत्तर इतिहासात शोधायचं. कारण न पाहिलेल्या माणसाशी ओळख होणं ही काही मोबाईलने आणलेली नवी गोष्ट नाही. टपालाने ती फार आधी आणली होती.

आपल्या देशात १८५४ साली टपालाचे दर सगळीकडे सारखे झाले. पत्र कितीही लांब जाऊ दे, वजनाप्रमाणे तिकीट लावलं की झालं. १८७४ साली अनेक देशांनी एकत्र येऊन टपालाचा एक करार केला आणि १८७६ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला. त्याआधी परदेशी पत्राचा खर्च ते कोणत्या वाटेने आणि कोणकोणत्या देशांतून जातं यावर ठरायचा, आणि तो सामान्य माणसाला परवडायचा नाही. करारानंतर परदेशी पत्र स्वस्त झालं, सोपं झालं. १८७९ साली पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं. फोनचा डेटा स्वस्त झाल्यावर आपल्याकडे जे झालं, तेच तेव्हा टपालाने केलं. लांबच्या माणसाशी बोलणं ही फक्त श्रीमंताची चैन राहिली नाही.

ही वाट मोकळी झाल्यावर चारच वर्षांनी, १८८० साली, अमेरिकेतून एका मराठी मुलीला एक पत्र आलं. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. पहिल्या महिला डॉक्टर म्हणून त्यांचं नाव आपण सगळ्या जाणतो. पण त्या पत्राची आणि ते लिहिणाऱ्या बाईची गोष्ट आपल्यातल्या थोड्याच जणींना ठाऊक असेल.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. माहेरचं नाव यमुना, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशींशी झालं. गोपाळराव टपालखात्यात कारकून होते आणि वयाने बरेच मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. हट्ट चांगला, पण तऱ्हा कडक. लहान वयात आपल्याला कसा मार खावा लागला, हे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून खुद्द गोपाळरावांनाच पत्रात लिहून कळवलं होतं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं त्यांनी मनात घेतलं ते या दुःखातून. आता विचार करा. नवऱ्याची सतत बदली, आज अलिबाग, उद्या कोल्हापूर, मग मुंबई, भूज. बाई शिकते म्हणून लोकांची बोलणी. आजूबाजूला माणसं पुष्कळ, पण मन मोकळं करावं असं कोण?

गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरहून अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं होतं. बायकोच्या शिक्षणाची आणि स्वतःच्या नोकरीची अमेरिकेत काही सोय होईल का, असं विचारलं होतं. वाइल्डरांचं उत्तर असं होतं की आधी ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांनी ते मान्य केलं नाही. हा पत्रव्यवहार वाइल्डरांनी आपल्या मासिकात छापला.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचं गाव आहे. तिथल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी सहज चाळायला घेतलं, आणि त्यात हा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला. एका लहान मुलीला शिकायचं आहे आणि तिच्यापुढे धर्म बदलण्याची अट ठेवली आहे, हे त्यांना लागलं. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. कार्पेंटरबाई कुणी मोठ्या पदावरच्या नव्हत्या. संसारी बाई, मुलींची आई. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या.

मग पत्रं सुरू झाली. तेव्हा पत्र आगबोटीने जायचं. इकडून लिहिलेल्याचं उत्तर हाती यायला महिने लोटायचे. तरीही तीन वर्षं हा पत्रव्यवहार टिकला. आपले सण, खाणंपिणं, लग्नाच्या चालीरीती, बायकांची स्थिती, धर्म, सगळं त्या पत्रांत येई. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. गोपाळरावांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा आनंदीबाईंची तब्येत ढासळली होती. अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप लागायची. ते कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. त्या औषधांचा गुण आला नाही. पण साता समुद्रापलीकडे बसलेल्या बाईला आपलं दुखणं कळलं आणि ती स्वस्थ बसली नाही, हे आनंदीबाईंना दिसलं.

१८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं. हे श्रीरामपूर आपलं नगरकडचं नव्हे, बंगालमधलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीवर चढल्या. गोपाळराव सोबत नव्हते. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरावर त्या उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई त्यांना न्यायला हजर होत्या. इतक्या पत्रांनंतर दोघी पहिल्यांदा समोरासमोर आल्या.

तो उन्हाळा आनंदीबाई रोझेलला कार्पेंटरांच्या घरी राहिल्या. त्या शाकाहारी, साडी नेसणाऱ्या. घर ख्रिस्ती. तरी आनंदीबाईंनी आपला धर्म सोडला नाही आणि कार्पेंटरबाईंनी त्यासाठी त्यांना दूर केलं नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीला त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वय अवघं एकवीस.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या. तिथल्या दगडावर आनंदीबाईंचं नाव आजही आहे. नात्याच्या माणसांसाठी राखलेली ती जागा होती, आणि तीत त्यांनी आनंदीबाईंना जागा दिली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्ही एवढी सविस्तर सांगितली ती यासाठी, की ओळखीची मैत्री कशाने झाली हे तिच्यात स्पष्ट दिसतं. नुसत्या भेटीने ती झाली नाही. भेट शेवटी झाली, मैत्री आधीच झाली होती. आम्हाला यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट वेळेची. तीन वर्षं दोघींनी एकमेकींना विचारलं आणि एकमेकींना सांगितलं. एकीनेच विचारायचं आणि दुसरीने फक्त ऐकायचं असं ते नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे वेगळेपण खपलं. ‘माझ्यासारखी हो, मग मदत करते’ ही अट वाइल्डरांनी घातली होती. कार्पेंटरबाईंनी ती घातली नाही. तिसरी गोष्ट कृतीची. आधी औषधं आली, मग घराचं दार उघडलं, शेवटी अस्थींना जागा मिळाली. आधी शब्द आणि मागोमाग काम.

उलट बाजूही सांगायला हवी. काही मैत्र्या भेटीपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. गांधीजींनी १९०९ साली रशियातल्या टॉल्स्टॉय यांना पत्र लिहिलं. वर्षभर पत्रं चालली. १९१० च्या नोव्हेंबरात टॉल्स्टॉय वारले. दोघांची भेट कधीच झाली नाही. तरी त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जी वसाहत सुरू झाली, तिला टॉल्स्टॉयांचंच नाव मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. २०२० च्या टाळेबंदीत आमची प्रशिक्षणं फोनवर आली. वेगवेगळ्या गावच्या बायकांनी एकमेकींना आधी आवाजानेच ओळखलं. सुरुवातीला नुसते शुभ सकाळचे फोटो यायचे. ज्यांची ओळख तेवढ्यावरच थांबली, त्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. पण ज्यांनी पापडाच्या पिठापासून ते शेळीच्या दुखण्यापर्यंत खरं बोलणं केलं, त्यांचं वेगळंच झालं. एकीचा नवरा जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. त्या शहराजवळ राहणारी, कधीही न भेटलेली दुसरी बाई चार दिवस डबा घेऊन गेली. त्या दोघी आज एकमेकींच्या लेकींची लग्नं जमवायला बसतात.

आम्ही भाबडेपणाने बोलत नाही आहोत. फोनवर गोड बोलून फसवणारेही पुष्कळ आहेत. म्हणून आनंदीबाईंच्या गोष्टीतली सावधगिरीही उचलायला हवी. त्यांचा पत्रव्यवहार चोरून नव्हता, घरात माहीत होता. पलीकडच्या बाईचं नाव, गाव, घर ठाऊक होतं. प्रवासात ओळखीतल्या बायकांची सोबत होती. पहिल्या पत्रातच कुणी कुणाकडे पैसे मागितले नव्हते. जी ओळख आठवड्याभरात पैसे मागते, ओटीपी मागते, फोटो मागते, किंवा ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणते, ती मैत्री नाही. तिथे लगेच थांबा. पैसे गेलेच तर लाजू नका, त्याच तासाला १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा आणि गटात सांगा. पहिल्यांदा भेटायचं तर दिवसा, चार माणसांच्या जागी, आणि सोबत कुणाला तरी घेऊन.

आणि घरच्यांना आमचं एक सांगणं. लग्न होऊन आलेल्या बाईच्या मैत्रिणी माहेरी राहतात. सासरच्या गावात ती कुणाची सून असते, कुणाची जाऊ, कुणाची आई. तिला फक्त तिच्या नावाने हाक मारणारं माणूस मिळायला वर्षं जातात. ते माणूस फोनवर मिळालं तर त्याची टिंगल करू नका. कोण आहे, कुठली आहे, हे आपुलकीने विचारा. एखाद्या दिवशी तुम्हीही तिच्याशी दोन शब्द बोला. खरी असेल तर कळेल, खोटी असेल तर तेही कळेल.

येत्या बैठकीत एक काम करा. बचतीची वही मिटली की प्रत्येकीने आपल्या एका लांबच्या, फोनवरच्या मैत्रिणीबद्दल सांगा. तिने आपल्यासाठी काय केलं आणि आपण तिच्यासाठी काय केलं, दोन्ही सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर त्याच दिवशी तिला फोन लावा आणि तब्येत विचारा. काळजी घ्या, मैत्रिणींनो. नमस्कार.