मराठी शाळेतील परीक्षेची तयारी

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना परीक्षा कशी द्यावी हे विषयज्ञानाहून वेगळे शिकवावे लागते, ही कल्पना खासगी शिकवण्यांनी रूढ केली असा सर्वसाधारण समज आहे; परंतु महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास पाहिल्यास या तयारीची परंपरा निदान दीडशे वर्षांची असून तिचा उगम मुलाच्या गरजेपेक्षा शाळेच्या गरजेत अधिक होता, असे दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावी चालणाऱ्या पंतोजींच्या शाळांत आजच्या अर्थाची परीक्षा नव्हती. धुळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी लिहिणे-वाचणे आणि पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, तोंडपाठ करणे हा तेथला मुख्य अभ्यास असे, आणि सर्वांनी एका सुरात म्हणायचा परवचा हीच उजळणी व हीच तपासणी ठरे. वार्षिक निकालावर वरच्या इयत्तेत चढवण्याची पद्धत नसल्याने नापास होण्याचीही सोय नव्हती. मुलगा हिशेब आणि पत्रव्यवहार करू लागला की त्याचे शिक्षण पुरे झाले, असे मानले जाई.

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर मुंबई इलाख्यात 1855 मध्ये शिक्षण खाते स्थापन झाले आणि इयत्ता, नेमलेली पुस्तके व सरकारी तपासणी यांची घडी बसत गेली. खासगी शाळांना अनुदान देताना इलाख्याने मुख्यतः निकालावर आधारलेली पद्धत स्वीकारली, म्हणजे तपासनिसासमोर जितकी मुले ठरावीक इयत्तेत उत्तीर्ण होतील त्या हिशेबाने शाळेला पैसे मिळत. हीच पद्धत इंग्लंडमध्ये 1862 च्या सुधारित संहितेने लागू झाली होती, आणि स्वतः शाळा तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनी आपल्या अहवालांतून तिच्यामुळे अध्यापन यांत्रिक होत असल्याची टीका केली होती. सरकारी हिशेबाला ती सोयीची होती, यात शंका नाही; शिक्षणाला ती मानवणारी नव्हती. लोकांच्या तोंडी ‘दिपोटी’ झालेला डेप्युटी इन्स्पेक्टर शाळेत आला की परीक्षा नावापुरती मुलांची आणि खरी मास्तरांची असे. त्यामुळे धडा समजण्यापेक्षा तो न अडखळता वाचून दाखवणे आणि उत्तर ठरावीक शब्दांत देणे यांवर भर पडला. 1904 च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावाने निकालानुसार अनुदानाचे तत्त्व सोडून दिले, पण तोवर लागलेली सवय ठराव बदलला म्हणून सुटली नाही.

दरम्यान प्राथमिक शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावरची परीक्षा स्वतंत्रपणे महत्त्वाची झाली होती. ती उत्तीर्ण होणारा कनिष्ठ सरकारी नोकरीस किंवा शिक्षकाच्या जागेस पात्र ठरे. ही परीक्षा मुलाकडून काय मागत होती, हे धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मवृत्तातील प्रसंगावरून कळते. 1875 मध्ये, सतरा वर्षांचे असताना, ते कोकणातील मुरूडहून शंभर मैलांहून अधिक अंतर भर पावसात पायी तुडवून साताऱ्याच्या परीक्षाकेंद्रावर पोहोचले, आणि दिसण्यावरून वय कमी वाटते या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. अभ्यास पुरा असूनही परीक्षा हुकू शकते, कारण केंद्र, वय, कागदपत्रे आणि अधिकाऱ्याची मर्जी हेही परीक्षेचेच भाग असतात. पुढे सातवीच्या अखेरीस होणारी ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ग्रामीण महाराष्ट्रात इतकी प्रतिष्ठेची ठरली की ‘फायनल पास’ ही शब्दजोडी पदवीसारखी नावापुढे सांगितली जाऊ लागली.

स्पर्धेने निवड करण्याच्या तत्त्वावर पहिला गंभीर आक्षेपही याच काळातला आहे. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, स्पर्धेद्वारे शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य भासले तरी त्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या त्या वर्गांसाठी ठेवाव्यात, अशी भूमिका मांडली. घरात शिकलेले माणूस नसलेल्या मुलाला परीक्षेची रीत कोणी सांगायची, हा त्यामागे दडलेला प्रश्न आजही निकाली निघालेला नाही.

1954-55 पासून चौथी व सातवीसाठी सुरू झालेल्या शिष्यवृत्ती परीक्षेने या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर दिले. तिच्यातील ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या विषयात संख्यामालिका पूर्ण करणे, गटात न बसणारे पद ओळखणे, सांकेतिक भाषा उलगडणे, आरशातील प्रतिमा ठरवणे असे प्रश्न येतात, आणि शाळेच्या नेहमीच्या वेळापत्रकात या विषयाला तास नसतो. परिणामी शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर घेतले जाणारे ‘जादा तास’ ही मराठी शाळांची जवळजवळ संस्थाच बनली. उपजत बुद्धी मोजण्याचा दावा करणारा विषय सर्वाधिक सरावाचा व्हावा, हा विरोधाभास आहे खरा. तथापि ज्या गावात शिकवणी वर्ग पोहोचले नव्हते तेथे परीक्षेचे तंत्र मुलांपर्यंत नेले ते या तासांनीच, हे त्यांच्यावर घोकंपट्टीचा आरोप करणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

2016-17 पासून काही वर्षे ही परीक्षा पाचवी व आठवीला घेतली गेली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलांना नापास करण्यास त्या वेळी मनाई होती, त्यामुळे शाळेबाहेरून घेतली जाणारी ही अनेकांची पहिलीच परीक्षा ठरली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या नव्या स्वरूपात दीड तासात 75 प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे 72 सेकंद मिळत असल्याने, सोपे प्रश्न आधी सोडवून अवघडांकडे परत येणे आणि प्रश्नक्रमांकासमोरचेच वर्तुळ रंगवले आहे याची खात्री करणे, ही शिस्त शिक्षकांना मुद्दाम लावावी लागे. आठवीच्या प्रश्नपत्रिकेत तर जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही नोंदवणे बंधनकारक असे. म्हणून अचूक पर्याय सापडताच पुढे जाण्याची जी सवय पाचवीत कष्टाने लावलेली असे, तीच आठवीत तितक्याच कष्टाने मोडावी लागे.