वर्तुळाकार मांडणी (जावा स्विंग)

डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या खिडकीतील बटणे, लेबले यांसारखे घटक एका केंद्राभोवती समान कोनांवर बसवण्याची पद्धत. १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलेल्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या संचात ती तयार मिळत नाही. फ्लोलेआउट, बॉर्डरलेआउट, ग्रिडलेआउट हे तयार मांडणीचे प्रकार जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. वर्तुळ मात्र ज्याचे त्याने लिहून घ्यायचे. हॉर्स्टमन आणि कॉर्नेल यांच्या ‘कोअर जावा’ या पुस्तकात स्वतःचा लेआउट मॅनेजर, म्हणजे घटकांच्या जागा ठरवणारा वर्ग, लिहायला शिकवताना उदाहरण घेतले आहे ते वर्तुळाचेच.

त्यासाठी लेआउटमॅनेजर या इंटरफेसच्या पाच मेथड लिहाव्या लागतात. त्यांपैकी लेआउटकंटेनर ही घटक जागेवर बसवते. तिच्यातले गणित शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही. पूर्ण कोनाला घटकांच्या संख्येने भागायचे, त्रिज्येला कोसाइनने गुणून आडवे अंतर आणि साइनने गुणून उभे अंतर काढायचे. जावाला कोन रेडियनमध्ये लागतो. पडद्यावर उभा अक्ष खाली वाढतो, त्यामुळे कोन घड्याळाच्या दिशेने फिरतो. उणे ९० अंशांपासून सुरुवात केली की पहिले बटण बाराच्या जागी येते. घटकाची जागा आणि आकार ठरवणाऱ्या सेटबाउंड्स या मेथडला घटकाचा मध्य नव्हे, वरचा डावा कोपरा हवा असतो. रुंदी आणि उंचीचा निम्मा भाग वजा करायचा राहिला, तर अख्खे वर्तुळ उजवीकडे खाली सरकते. लपवलेले घटक मोजणीतून वगळावेत, नाहीतर वर्तुळात खिंडार दिसते.

खरी अडचण त्रिज्येची आहे. खिडकीच्या पॅक मेथडला पॅनेलचा, म्हणजे घटक सामावणाऱ्या चौकटीचा, आकार आधी हवा असतो आणि तो प्रेफर्डलेआउटसाइझ या मेथडने सांगायचा असतो. वर्तुळ गोल असले तरी त्यावर बसणारी बटणे आयताकृती असतात. ८० बाय ३० पिक्सेलची १२ बटणे घेऊ. एका बटणाचा कर्ण सुमारे ८५.४ पिक्सेल. शेजारच्या दोन मध्यांत निदान तेवढे अंतर राखायचे, तर कर्णाला १५ अंशांच्या साइनच्या दुपटीने भागून त्रिज्या सुमारे १६५ येते आणि पॅनेल ४१० बाय ३६० पिक्सेलचे होते. बटणे एकमेकांवर चढत नाहीत, पण दृश्य काही देखणे नसते: माथ्याला आणि तळाला शेजारी एकमेकांना खेटून, तर डावी-उजवीकडची बटणे उगीच विरळ. आडवी त्रिज्या १६५ ठेवून उभी ८५ वर आणली तरी एकही बटण दुसऱ्यावर येत नाही आणि उंची ३६० वरून २०० वर उतरते. लांबट बटणांसाठी लंबवर्तुळच बरे. अट्टहासाने शुद्ध वर्तुळ हवे असेल तर चौकोनी चित्रबटणे वापरावीत.

लेआउट मॅनेजर काढून टाकून सेटबाउंड्सचे आकडे हाताने भरणारेही पुष्कळ. खिडकी ताणली की त्यांचे वर्तुळ जुन्याच कोपऱ्यात राहते आणि फॉन्ट मोठा केला की बटणावरचा मजकूर तीन टिंबांत संपतो.

या मांडणीचा वापरायला फायदा होतो तो मुख्यतः पाय मेन्यूत, म्हणजे माउसच्या टोकाभोवती उघडणाऱ्या गोल यादीत. सगळे पर्याय टोकापासून सारख्याच अंतरावर असतात आणि दिशा हाताच्या अंगवळणी पडते. कॅलाहन, हॉपकिन्स, वाइझर आणि श्नायडरमन यांनी १९८८ मध्ये आठ पर्यायांच्या याद्या ताडून पाहिल्या, तेव्हा गोल यादीत निवडीला सुमारे १५ टक्के कमी वेळ लागला. पर्याय वाढत गेले की प्रत्येकाच्या वाट्याचा कोन अरुंद होतो आणि हा लाभ आटतो.

कीबोर्ड वापरणाऱ्यांची मात्र इथे गैरसोय होते. स्विंगची नेहमीची टॅब-व्यवस्था घटकांच्या पडद्यावरील जागेवरून क्रम ठरवते, त्यामुळे टॅब दाबताना फोकस वर्तुळावरून फिरण्याऐवजी डावीकडून उजवीकडे उड्या मारत खाली उतरतो. पॅनेलला फोकस-धोरणाचा पुरवठादार ठरवून कंटेनरऑर्डरफोकसट्रॅव्हर्सलपॉलिसी लावली, की घटक ज्या क्रमाने जोडले त्याच क्रमाने फोकस पुढे सरकतो.