मूळ आणि बीज : कर्करोगाच्या प्रसारासंबंधीच्या दोन कल्पना

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा केवळ शस्त्रवैद्यकाचा इतिहास नव्हे. तो एका कल्पनेचाही इतिहास आहे. रोग शरीरात कसा पसरतो याविषयी वैद्यांच्या मनात जे चित्र होते, त्यानेच स्त्रीच्या देहाचा किती भाग कापून काढावयाचा हे ठरविले. त्या चित्राचा उदय व अस्त यांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ग्रीक वैद्यांनी या रोगास ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा हे नाव दिले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलेनने गाठीभोवती फुगलेल्या शिरांना खेकड्याच्या पायांची उपमा दिली. मराठीतील ‘कर्करोग’ या शब्दात हीच प्रतिमा आली आहे. सुश्रुतसंहितेतील ‘अर्बुद’ ही संज्ञा मात्र तिच्याहून स्वतंत्र होय. गेलेनच्या मते रोगाचे कारण काळे पित्त. ते सर्वांगात संचार करणारे असल्यामुळे, खोलवर गेलेला रोग एका ठिकाणी शस्त्र चालवून नाहीसा होईल, ही आशा फार काळ कोणी बाळगली नाही.

एकोणिसाव्या शतकात हा विचार पालटला. फ्रेंच वैद्य रेकामिये यांनी १८२९ मध्ये ‘मेटॅस्टॅसिस’, म्हणजे स्थानांतर, हा जुना ग्रीक शब्द कर्करोगाच्या प्रसारास लावला. योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये अर्बुदे पेशींची बनलेली असतात हे दाखविले, आणि पेशी पेशीपासूनच उत्पन्न होते हा सिद्धांत फिरखो यांनी १८५८ मध्ये मांडला. त्यामुळे कर्करोग हा प्रारंभी एकाच स्थानी वसणारा रोग ठरला. जो एका स्थानी आहे तो तेथून काढून टाकता येईल, असे अनुमान त्यातून साहजिकच निघाले.

या अनुमानास पूर्ण रूप दिले ते बाल्टिमोर येथील विल्यम हॉल्स्टेड यांनी. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील लसीकाग्रंथी हे सर्व ते एकत्र काढून टाकीत. या शस्त्रक्रियेस ‘रॅडिकल’ हे विशेषण रूढ झाले. त्याचे मूळ लॅटिन ‘राडिक्स’, म्हणजे झाडाचे मूळ. रोग मुळांप्रमाणे लगतच्या भागात क्रमाक्रमाने पसरतो. यास्तव पुरेसे रुंद व खोल खणले की तो निर्मूल होतो, अशी ही कल्पना होती. तिच्यातील दोष असा की, अपयशाने ती खोटी ठरत नसे. रोग उलटला की खणणे अपुरे पडले असे म्हणावयाचे आणि पुढील खेपेस अधिक खणावयाचे. हॉल्स्टेड यांच्या काही अनुयायांनी तर छातीच्या आतील ग्रंथींपर्यंत शस्त्र नेले. आकसलेली छाती आणि सुजलेला, जड झालेला हात घेऊन असंख्य स्त्रियांना उरलेले आयुष्य कंठावे लागले.

विशेष हे की, दुसरी कल्पना याआधीच छापली गेली होती. लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू आलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदींचा विचार केला. त्यांपैकी २४१ जणांच्या यकृतात दुय्यम अर्बुदे होती. प्लीहेत ती केवळ १७ जणांत आढळली. रक्त तर प्लीहेसही भरपूर मिळते. तेव्हा अर्बुदांची ही वाटणी केवळ योगायोगाची असू शकत नाही. वनस्पतीचे बी सर्व दिशांना जाते, परंतु अनुकूल भूमीतच रुजते, असे त्यांनी सुचविले. आणि या विचाराचे श्रेय आपल्या आधीच्या फुक्स यांस दिले. तथापि १९२८ मध्ये अमेरिकेचे जेम्स यूइंग यांनी रक्तप्रवाहाच्या वाटांवरूनच या वाटणीचा उलगडा होतो असे प्रतिपादन केले, आणि पॅजेट यांचे मत दीर्घकाळ मागे पडले.

या दोन कल्पनांची परीक्षा शेवटी मोजणीने झाली. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये एक चाचणी सुरू झाली. तीत १,६६५ स्त्रियांची विभागणी करून, स्नायूंसह केलेली शस्त्रक्रिया व केवळ स्तन काढण्याची शस्त्रक्रिया (काहींत किरणोपचारासह) यांची तुलना करण्यात आली. पंचवीस वर्षांच्या अवलोकनानंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयुर्मर्यादेत लक्षणीय फरक आढळला नाही. मिलान येथे वेरोनेसी यांच्या चाचणीतून, लहान गाठीच्या बाबतीत स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनेही तेच साधते हे दिसून आले. शस्त्रक्रियेनंतर औषधे दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे बोनाडोना यांनी १९७६ मध्ये दाखविले. अन्यत्र गेलेल्या अदृश्य बीजावर शस्त्र चालत नाही, औषध चालते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ३५० स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही याच प्रश्नाशी निगडित आहेत. निदानाच्या वेळीच रोग दूरवर पोहोचलेला असता, मूळची गाठ व काखेतील ग्रंथी काढल्याने एकंदर आयुष्य वाढत नाही, असे त्यांत आढळले.

अर्थात मुळाची कल्पना सर्वस्वी मिथ्या नव्हती. रोग पसरण्यापूर्वी गाठ काढली तर रुग्ण बरा होतो, हे आजही खरे आहे. बीज आणि भूमी हेही रूपकच होय. परंतु या रूपकातून मोजता येण्याजोगे प्रश्न निघाले : कोणत्या अवयवात रोग अधिक रुजतो, आणि का? मुळाच्या रूपकातून बहुधा एकच आदेश निघे, तो म्हणजे अधिक खणण्याचा. पॅजेट यांचा लेख आणि फिशर यांची चाचणी यांत ब्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. या काळात शस्त्रवैद्यांचे कौशल्य कमी पडले नाही. आपण ज्याला वस्तुस्थिती मानतो ती एक उपमा आहे, ही जाणीव कमी पडली.